मोटारीचा पाय

मोटारीला चाके असतात, पाय नसतात, ही गोष्ट मला कधी कुणाला मुद्दाम शिकवावी लागली नाही. तीस वर्षे आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये फिटरची पोरे घडवली; गियर, बेअरिंग, शाफ्ट यांत आयुष्य गेले; पण पायाचा उल्लेख कधी आला नाही. आणि निवृत्तीनंतर, 2024च्या फेब्रुवारीत, नागपूरहून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत मी मोटारीचा एक पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. पाय तरटात गुंडाळलेला होता, त्याला मासळीचा वास येत होता, आणि घोट्याच्या जागी तीन पात्यांचा पंखा असल्यामुळे तो काही केल्या सीटखाली जाईना.

कंडक्टर आला. त्याने आधी तरटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काका, हे काय आहे?"

"पाय आहे," मी म्हणालो.

शेजारच्या बाईंनी आपले पोर दुसऱ्या मांडीवर घेतले. मी घाईघाईने "मोटारीचा" असे जोडले, पण त्याने कुणाचे समाधान झालेले दिसले नाही. शेवटी तरटाचा कोपरा सोडून पंखा दाखवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पुरी मोटार असती तं सामानाचं तिकीट फाडलं असतं. पायाचं काय फाडू?" आणि पुढे गेला.

हा पाय कुणाचा, आणि तो माझ्या मांडीवर कसा आला, हे सांगायचे तर वैनगंगेपासून सुरुवात करायला हवी.

माझी धाकटी बहीण गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या गावी दिली आहे. अलीकडे गडचिरोली, पलीकडे चंद्रपूर. 1982च्या 26 ऑगस्टला जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, आणि गावाचे लोक ज्या नदीत जाळी टाकीत होते ती नदी बसल्या जागी हद्द झाली. लोकांनी मात्र ही हद्द फारशी मनावर घेतली नाही. सोयरिकी पलीकडे, बाजार पलीकडे, हिवाळ्यात मिरची तोडायची आणि कापूस वेचायची मजुरी पलीकडे. पुलाने जायचे तर मोठा फेरा पडतो. नदीतून जायचे तर समोर माणूस खोकलेला ऐकू येतो.

गावात ढिवर मंडळींची मच्छीमार सहकारी संस्था आहे. तिच्याकडे पत्र्याची एक नाव आहे आणि त्या नावेला, काही वर्षांपूर्वी कुठल्याशा लिलावात घेतलेली, आठ घोड्यांची जुनी मोटार आहे. विदर्भातल्या खेड्यात नुसते 'मोटार' म्हटले की लोकांना विहिरीवरची मोटार आठवते. म्हणून हिला 'डोंग्याची मोटार' म्हणतात. ही नावेच्या पाठीला बाहेरून लटकते. वर डोके, म्हणजे इंजिन. मध्ये मान. आणि खाली पाण्यात बुडालेला तो पाय. डोके दिसते, आवाज करते, धूर काढते; त्यामुळे सगळी सेवाचाकरी डोक्याची होते. पाय पाण्यात असतो. तो कुणाला दिसत नाही, आणि मोडेपर्यंत कुणाला आठवतही नाही.

ही बाहेरून लटकवायची मोटार खपाऊ केली ती ओले एव्हिनरूड या माणसाने. जन्म नॉर्वेचा, वास्तव्य अमेरिकेत. म्हणतात की एका उन्हाळ्यात तळ्याच्या पलीकडून मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हवीत गेला, आणि परत येईतो त्याचे पाणी झाले. त्या चिडीतून मोटार सुचली. गोष्ट खरी असो वा रचलेली, 1909 साली त्याचा कारखाना सुरू झाला हे खरे. ती मैत्रीण पुढे त्याची बायको झाली आणि धंद्याच्या जाहिराती तिनेच लिहिल्या. 'वल्ही फेकून द्या' असा त्या जाहिरातींचा थाट होता. त्या नावाच्या मोटारी बनणे 2020 साली बंद पडले. आमच्या गावच्या म्हाताऱ्या नावाड्याला मी ही हकीकत एकदा सांगितली. त्यांना सगळे बाबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे फार थोडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या बाईनं आपली वल्ही फेकली का जी?" याचे उत्तर मला कुठे सापडले नाही. बाबांच्या नावेत मोटार आल्यापासूनही दोन वल्ही आणि एक लांब बांबू कायम असतो.

आता पायाच्या आत काय असते ते थोडक्यात सांगतो. ज्यांना यात गोडी नसेल त्यांनी फराळाचे ताट जवळ ओढावे. इंजिनाकडून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला लहान दातेरी चक्र, म्हणजे पिनियन. पंख्याचा दांडा आडवा. त्याच्यावर दोन मोठी चक्रे, एक पुढे, एक मागे. पिनियन दोघांनाही एकदम फिरवते, आणि ती अर्थातच एकमेकांच्या उलट फिरतात. दोघांच्या मध्ये दांड्यावर सरकणारा एक दातेरी तुकडा असतो. तो पुढच्या चक्राला धरील तर नाव पुढे, मागच्याला धरील तर मागे, अधांतरी राहील तर नाव उभी. हे सगळे दाट तेलात बुडालेले, आणि तेल आत राहावे, पाणी बाहेर राहावे म्हणून दांड्यावर रबरी सील. पायाच्या माथ्यावर रबरी पाकळ्यांचे एक फूल असते; ते नदीचे पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवते. एवढाच संसार. आमच्या मोटारीच्या पिनियनला 13 दात होते आणि मोठ्या चक्रांना 27. हे आकडे लक्षात असू द्यावेत, पुढे लागतील.

आणि एक राहिली: पिन. जुन्या मोटारींत पंखा दांड्यावर नुसता ओवलेला असतो, आणि दोघांना आरपार जोडणारी एक मऊ धातूची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी पिन असते. पंखा खडकावर आपटला की ही पिन तुटते. तुटणे हेच तिचे काम. ती तुटली की पंखा मोकळा होतो आणि आतले दात वाचतात. दुसरी पिन घालायची आणि पुढे जायचे.

आता माझी गोष्ट. 2022च्या मे महिन्यात नदी आटली होती आणि एका आठवड्यात तीन पिना तुटल्या. मोटार माझा भाचा चालवतो. त्याचा मला फोन आला. "मामाजी, पिना टिकत नाही. संपल्या. काय करू?" मी चंद्रपुरात पंख्याखाली बसलो होतो, जेवण झाले होते, आणि अशा वेळी माणसाला सल्ला द्यायची फार उमेद असते. मी म्हणालो, "एक चांगला पोलादी खिळा घे, मापाने काप आणि ठोक. परत तुटायची नाही."

खरेच तुटली नाही. दीड वर्ष तुटली नाही. मी दोन-चार मित्रांना अभिमानाने सांगितलेही, की मोटार बनवणाऱ्यांना जे सुचले नाही ते आमच्या खिळ्याने केले. तीस वर्षे ज्याने पोरांना 'दुबळा जोड मुद्दाम ठेवलेला असतो' हे फळ्यावर खडूने लिहून दाखवले, त्याला स्वतःच्या भाच्याच्या नावेत तो ओळखू येऊ नये, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

2023च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात, पावसाळ्यात बदललेल्या पात्रात, पाण्याखालच्या खडकावर पंखा आपटला. खिळा शाबूत राहिला. पंखाही जवळजवळ शाबूत राहिला. आतून मात्र सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला, आणि त्यानंतर इंजिन ओरडत राहिले पण नाव हलेना. बाबांनी काही न बोलता वल्ही घेतली आणि सगळ्यांना काठाला लावले.

मी गेलो. बहिणीच्या अंगणात पाय सोडवला, खालचा स्क्रू काढला. तेल यायला हवे मधासारखे. आले ते दूध जास्त झालेल्या चहासारखे. म्हणजे आत पाणी शिरले होते, आणि तेही आजचे नव्हे. पंखा काढला तेव्हा कारण दिसले. दांड्याभोवती, सीलला लागून, तंगूसाची घट्ट गुंडाळी बसली होती. आपल्याच जाळ्याचा धागा, आपल्याच पंख्याने ओढून घेतलेला. त्याने सील कापले होते. आतून पुढच्या चक्राचे दोन दात हातात आले आणि एक बेअरिंग गंजाने तांबडे झालेले निघाले. क्षणभर मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू? मोडण्याला दोन कारणे असली की त्यातले एक दुसऱ्याच्या मागे लपवता येते. पण बेअरिंग तंगूसाने खाल्ले होते, दात खिळ्याने तोडले होते, आणि दोन्ही हिशेब वेगळे होते.

संध्याकाळी संस्थेची बैठक बसली. शिल्लक 22 हजार रुपये. अध्यक्षांनी विचारले, "पिनीच्या जागी खिळा कोण ठोकला गा?"

भाचा म्हणाला, "मी ठोकला."

हे खरेच होते. हातोडी त्याचीच होती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा संपला होता.

मग मते निघाली. एकाचे म्हणणे, मोटार भंगारात घाला, आपले डोंगे बरे. दुसऱ्याचे म्हणणे, नवा पाय आणा. मी एका विक्रेत्याला फोन लावून अध्यक्षांच्या हाती दिला. असा जुना अख्खा पाय आता मिळत नाही, सुटे भाग मागवावे लागतील, दोन महिने लागतील असे तो म्हणाला, आणि मग आकडा म्हणाला. आकडा ऐकून अध्यक्षांनी फोन असा परत दिला, की जणू तो तापला होता. तिसरे मत बहुतेकांचे: तालुक्याला वेल्डिंगवाला आहे, तुटलेल्या जागी धातू भरून दात कोरून देतो म्हणतो, हजार-बाराशेत काम.

या मताला विरोध करणे मला भाग होते. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तसेच या दातांना वरून पाणी दिलेले असते. वर कठीण, आत चिवट. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. शिवाय तो 13 आणि 27चा हिशेब. या दोन आकड्यांना एकाहून मोठी अशी कोणतीही संख्या एकदम भागत नाही; म्हणून पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत मोठ्या चक्राच्या प्रत्येक दाताला भेटतो, एकही सुटत नाही. आकडे मुद्दाम असे निवडतात, म्हणजे झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. पण त्यात एक दात वाईट निघाला, तर तो तेराच्या तेरांना बिघडवतो. "गावासारखंच आहे," अध्यक्ष म्हणाले. तरी बैठकीचा कल वेल्डिंगकडेच राहिला. हजार रुपये आणि वीस हजार रुपये यांत जो फरक असतो तो फळ्यावर पुसता येत नाही. मी एवढेच मिळवले, की घाई करू नये, मोटार तशीच ठेवावी, मी काही शोधतो.

डिसेंबर गेला. मिरचीचा हंगाम आला. बायका पहाटे वल्ह्याच्या डोंग्यातून पलीकडे जायच्या, अंधार पडता परत यायच्या. 23 जानेवारी 2024 रोजी आमच्याच तालुक्यात, गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला. काहीजणी घरी परत आल्या नाहीत. बहिणीचा मला फोन आला तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाऊ, आमच्याही बायका त्याच येळी मध्यात होत्या."

त्या आठवड्यात परत बैठक झाली. आता वेल्डिंगचे नाव कुणी घेत नव्हते. मोटारीने नाव बुडत नाही असे नाही, हे मला माहीत होते आणि त्यांनाही. पण भरल्या नावेत, धारेच्या मध्यावर, डागडुजीचा दात कधी तुटेल याचा विचार करीत बसणे आता कुणालाच नको होते. अध्यक्ष बोलायच्या आत मी उभा राहिलो आणि सांगून टाकले, की खिळा पोराने ठोकला, पण सल्ला माझा होता. फोनवर मीच सांगितला.

कुणी चकित झाले नाही. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, ते आमाले तवाच समजलं. पोरगा आपल्या मनानं काही पोलादी खिळा शोधत नाई." बाबा कोपऱ्यात तंबाखू मळीत होते. ते म्हणाले, "बोलले ना आता. मंग कामाचं बोला." भाचा मात्र उठून बाहेर गेला आणि बैठक संपेपर्यंत आला नाही. तो रागावला की सुटला, हे मला आजही नक्की कळलेले नाही. मी त्याला विचारलेही नाही.

खर्चाचा निम्मा वाटा मी उचलायचे ठरले. मी सगळाच देत होतो. संस्थेने घेतला नाही. सचिवांनी वहीत ठराव लिहिला: 'यापुढे डोंग्याच्या मोटारीस खिळा मारू नये.'

माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरात मोटारी दुरुस्त करतो. त्याला मी आधीच सांगून ठेवले होते. त्याच्याकडे आमच्याच घराण्याच्या मोटारीचा एक पाय पडून होता. धनी गेलेला, मोटार भंगारात गेलेली. त्याने मोबाइलवर फोटो पाठवले आणि ते पाहून माझी निराशा झाली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने वरचे ॲल्युमिनियम असे खाल्ले होते, की पाय नव्हे, वाळवीने खाल्लेले लाकूड वाटावे. अशा पायांना बाहेरून जस्ताची एक वडी लावलेली असते. खारे पाणी आधी ती वडी खाते आणि पायाला सोडते. वडी संपली की नवी लावायची. या पायाची वडी कधीच संपली होती. "पण सर, आतून बघा," तो म्हणाला. न उघडता बघायचे कसे? मी त्याला म्हटले, "उभा दांडा हाताने 27 वेळा फिरव, पंख्याचे फेरे मोज." थोड्या वेळाने उत्तर आले: बरोबर 13, आणि कुठे अडत नाही, खरखरत नाही. तेल काढले, ते स्वच्छ. उभ्या दांड्याची लांबी आणि टोकाच्या खाचा मोजून घेतल्या. तेवढ्याने फसलेले लोक मी पाहिले आहेत, लांबी चुकली की सगळा व्यवहार पाण्यात. जुळले. साडेसात हजारांना सौदा झाला, आणि ट्रान्सपोर्टने नागपूरला आलेला तो पाय मी एसटीत मांडीवर घेतला.

तेव्हा योजना अशी होती. आमच्या पायाचे कवच उत्तम, कारण वैनगंगेचे पाणी गोडे; आतले सगळे गेलेले, कारण वैनगंगेत वाळू आणि खडक. कोकणातल्या पायाचे कवच गेलेले आणि आतले सगळे उत्तम. समुद्र बाहेरून खातो, नदी आतून. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचा.

सांगायला सोपे. कोकणातल्या पायाचे स्क्रू मिठाने असे धरले होते, की दोन दिवस तेल पाजले, गरम पाण्याचे पोतेरे बांधले, तरी एक हलेना. ज्या तुकड्यात पंख्याचा दांडा बसतो तो तर कवचाशी एकजीव झाला होता. आमच्या पायाचे असते तर मी रडलो असतो. हे कवच कुणाला हवे होते? तिसऱ्या दिवशी भाच्याने छिन्नी-हातोडी घेतली आणि कवच कडेने फोडत गेला, नारळ सोलावा तसा. त्या कामात तो पहिल्यांदा हसला. आतून चक्रे निघाली ती तेलात न्हालेली, निळसर झाक मारणारी. मी ती बहिणीच्या पितळी परातीत ठेवली. ती परात तिने मला दिली नव्हती. मी घेतली होती. त्याबद्दलचे बोलणे इथे देत नाही.

तिन्ही चक्रे एकत्रच बदलली. जुनी पिनियन आणि नवे चक्र असा संसार लावू नये; ज्यांचे दात एकमेकांबरोबर झिजले ते एकत्रच राहावेत. मग दातांमधला ढील बघायचा. चक्राच्या पाठीमागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून ते पुढे-मागे करतात. फार घट्ट बसले तर तापते, फार सैल बसले तर दात एकमेकांना टोले मारतात. दात बरोबर जागी टेकतात का हे पाहायला वर्कशॉपमध्ये निळा रंग असायचा. इथे निळा रंग कुठून आणणार? पण जुने फिटर शेंदूर वापरीत, हे मला आठवले. बहिणीने मारुतीच्या पुजेतला शेंदूर काढून दिला, तेलात कालवला, पिनियनच्या दातांना बोटाने लावला, हळूच फिरवले. मोठ्या चक्राच्या दातांवर शेंदराचे ठसे उमटले: टोकाकडे सरकलेले. एक चकती काढली, परत फिरवले. पाचव्या खेपेला ठसा दाताच्या मध्यावर आला. बहीण म्हणाली, "आता नारळ फोडायचा का?" मी म्हटले, अजून नाही.

सीलवर मात्र एक पैसा वाचवला नाही. पंख्याच्या दांड्यावर पाठीला पाठ लावून दोन सील, उभ्या दांड्याचे सील, रबरी कडी, स्क्रूखालच्या चकत्या, आणि ते रबरी पाकळ्यांचे फूल, सगळे नवे. एकोणीसशे रुपये झाले. आमच्या पाण्यात गाळ असतो. त्या पाकळ्या तो घासून घासून खातो, म्हणून दर वर्षी फूल बदलायचे असे वहीत लिहून घेतले. मग तेल भरण्याआधी सायकलचा पंप तेलाच्या भोकाला जोडला, जरा हवा भरली आणि पाय पाण्याच्या टोपल्यात बुडवला. पंक्चर काढतात तसेच. गावातली सगळी पोरे बुडबुडे बघायला जमली. बुडबुडा एकही आला नाही, म्हणून पोरे नाराज होऊन गेली. तेल खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर आत हवा कोंडते. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. हे सगळे भाच्याने केले. मी खाटेवर बसून होतो आणि, मोठ्या कष्टाने, काही बोलत नव्हतो.

एकूण हिशेब: पाय, वाहतूक, सील, तेल, किरकोळ धरून अकरा हजार नऊशे. शिवाय संस्थेने उरलेल्या पैशांत नावेत बसणाऱ्यांसाठी जाकिटे घेतली. तो ठराव बाबांचा होता. 'जाकीट घालाले लाज वाटते' असे म्हणणाऱ्या एका जवान पोराला बाबा म्हणाले, "मंग काठावर बस, तिथं लाज नाई वाटत."

फेब्रुवारीच्या शेवटी, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेआधी, आम्ही नाव पाण्यात घातली. नावेत बाबा, भाचा आणि मी. पाणी उतरलेले, सकाळचे धुके नुकते विरत होते, पलीकडे चंद्रपूर जिल्हा शांत पसरलेला. भाच्याने दोरी ओढली. इंजिन धरले. बाजूने पाण्याची बारीक धार उडू लागली. फूल काम करीत होते. गियर पुढे घातला तेव्हा खट् असा छोटा आवाज झाला आणि नाव निघाली. मी पायाच्या बाजूला कान लावून बसलो होतो. काही ऐकू येत नव्हते. एवढा गोड आवाज मी आयुष्यात थोडा ऐकला आहे.

मध्यावर भाच्याने नाव वळवली, मागे घेतली, परत पुढे घेतली. मग तो धीट झाला. वाळूच्या बेटाच्या कडेने वेगात जाताना खालून दणका बसला. खडक. इंजिन एकदम ओरडले, नाव थांबली, आणि माझ्या पोटात गोळा आला. भाच्याने इंजिन बंद केले. कुणी काही बोलले नाही. त्याने पाय पाण्यातून वर उचलला, पंख्याला बोट लावले. पंखा मोकळा फिरला.

"मामाजी," तो म्हणाला, "पिन तुटली!"

मी असा ओरडलो, की बाबांनी वल्हे उचलून माझ्याकडे पाहिले. पितळी पिन दोन ठिकाणी स्वच्छ कापली गेली होती, तीन तुकडे. आतले 27 आणि 13 शाबूत. भाच्याने तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि कमरेच्या पिशवीतून दुसरी पिन काढली. पिशवी बहिणीने शिवली होती. तिच्यात सहा पिना होत्या, आता पाच. पिन घालायला त्याला दहा मिनिटे लागली, कारण हात थरथरत होते, गारठ्याने म्हणा. तेवढा वेळ बाबांनी वल्ह्यांनी नावेचे तोंड धारेला धरून ठेवले होते.